सोबत निवास प्रायव्हेट लिमिटेड

दुधाच्या पातेल्यावरचं झाकण थडथडलं, तेव्हा कुठे बैठकीच्या खोलीतली शांतता मोडली.  सीए उपाध्ये गुडघ्यावर बॅग घेऊन बसले होते, माझा नवरा महांतेश खिडकीपाशी उभा राहून अंगठ्याचं नख कुरतडत होता, आणि सासूबाई चष्मा नाकाच्या शेंड्यावर घेऊन समोरच्या इंग्रजी कागदांकडे बघत होत्या. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही. तरी प्रत्येक पान तळापर्यंत बघितल्याशिवाय त्या उलटत नव्हत्या.

"दूध बघ गं, रोहिणी," मान वर न करता त्या म्हणाल्या.

मी गॅस बंद करून परत आले, तोवर त्यांनी चष्मा काढून हातात घेतला होता.

"उपाध्ये, हे लिमिटेड म्हणजे काय हो?"

"मर्यादित, काकू. जबाबदारी मर्यादित."

"कुणाची?"

"तुमची. आता या खोल्या तुमच्या नावावर आहेत. उद्या तिथं काही झालं, कुणी दावा लावला, तर तुमचं हे राहतं घरसुद्धा त्यात ओढलं जाईल. खोल्या कंपनीच्या नावावर केल्या की कंपनीचं जे असेल तेवढंच जाईल. घराला कुणी हात लावणार नाही."

"म्हणजे माझी जबाबदारी कमी होणार."

"होय, काकू."

"मग सासू होती तेव्हा कुठं होता तुम्ही?"

उपाध्ये इतके हसले की त्यांची बॅग खाली पडली. महांतेश मात्र हसला नाही. शेजारच्या एका गावात महिन्यापूर्वी सिलिंडर फुटून लॉजचा अर्धा मजला गेला होता, आणि लॉजच्या मालकानं राहतं घर विकल्याची बातमी त्यानं दुकानात तीनदा वाचली होती. महांतेशचं औषधांचं होलसेल दुकान आहे. हिशेबी माणूस, घाबरट नाही. पण त्या बातमीनं त्याची झोप गेली होती.

"आई, हसण्यावारी नेऊ नका," तो म्हणाला. "आपल्याकडे आठ खोल्या, आठ स्टोव्ह. कधी काय होईल सांगता येतं?"

"नेत नाही रे. मला कळलं. घर वाचलं पाहिजे हे कळायला इंग्रजी कशाला लागतंय?" त्यांनी पेन मागितलं. सही करायच्या आधी माझ्याकडे बघितलं. "तू वाचलंयस ना सगळं?"

"तयारच मी केलंय, आई."

"मग झालं." आणि त्यांनी 'प्रमिला शिवलिंग शेटे' अशी सही केली, एकेक अक्षर पाटीवर गिरवावं तशी.

या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली. कागद खरोखरच मी तयार केले होते. लग्नाआधी आणि नंतर मिळून चार वर्षं मी उपाध्यांच्या ऑफिसात होते. तन्मयी झाल्यावर नोकरी सुटली. कंपनीचं निघालं तेव्हा ती चार वर्षांची होती, आणि मी चार वर्षं डबे, दुपटी आणि बालवाडीची रिक्षा यांतच होते. कंपनीला दोन संचालक लागतात. एक सासूबाई, दुसरी मी. महांतेशनं मुद्दामच स्वतःचं नाव घातलं नाही. दुकानाचा आणि खोल्यांचा संबंध नको म्हणून. माझ्या नावापुढे 'संचालक' छापलेला कागद पहिल्यांदा आला, तो मी कपाटात साड्यांच्या खाली ठेवला होता. दुपारी तन्मयी झोपली की काढून बघायची.

खोल्यांबद्दल सांगायला हवं. माझे सासरे मिरजेत एका मोठ्या दवाखान्यात कंपौंडर होते. कर्नाटकातनं, कोकणातनं पेशंट यायचे आणि त्यांचे नातेवाईक दवाखान्याच्या भिंतीकडेला चुली मांडून राहायचे. सासऱ्यांनी घरामागच्या जागेत खाली चार आणि वर चार खोल्या बांधल्या त्या अशा लोकांसाठी. लोक त्यांना 'कंपौंडरच्या खोल्या' म्हणायचे. सासरे गेले, आणि खोल्या सासूबाईंनी चालवल्या. प्रत्येक खोलीत एक पत्र्याचा डबा. त्यात तवा, दोन पातेली, चार ताटं. नवीन माणूस आलं की पहिल्या जेवणाला भाकरी आणि आमटी घरातनं जायची. आणि एक नियम होता, तो मला लग्न होऊन आल्यावर आठवड्याभरातच सांगितला होता: खोली सोडणाऱ्याला 'पेशंट कसा आहे' असं विचारायचं नाही.

"का हो, आई?"

"किल्ली कशी देतात त्यावरनं कळतं. बरं होऊन चालला असला तर माणूस किल्ली आपल्या हातात देतो. नसला तर कडीला अडकवून जातो. कडीला अडकवली तर ती खोली तीन दिवस कुणाला द्यायची नाही."

कानडी त्यांना माहेराहून येत होतं. कर्नाटकातनं आलेल्या बायका त्यांना 'अक्का' म्हणायच्या, आणि त्या ऐकून घ्यायच्या, सांगायच्या, रागवायच्या. कंपनीचं नावही त्यांनीच दिलं. मी 'शेटे निवास' पाठवलं होतं, ते नाव आधीच कुणी घेतलेलं निघालं. तेव्हा त्या डाळ निवडत बसल्या होत्या. म्हणाल्या, "सोबत म्हण. इथं येणारा माणूस पेशंट नसतोय, सोबतीला आलेला असतोय." डिजिटल सहीसाठी मोबाईलसमोर बसून डोळे मिचकवायला लागतात, तेव्हा मात्र त्या रुसल्या. "परक्या माणसाला बघून डोळे मिचकवू? साठ वर्षं असलं काही केलं नाही." शेवटी तन्मयी समोर उभी राहून डोळे मिचकवत राहिली आणि तिचं बघून त्यांनी मिचकवले.

आणि मग बोर्ड.

कंपनीचं नाव आणि पत्ता दाराबाहेर लावावा लागतो, असा नियमच आहे. सासूबाई म्हणाल्या, "फाटकाच्या भिंतीला लाव, एवढा एवढासा." मी म्हटलं, मी बघते. मी वेल्डिंगवाल्या शब्बीरभाईंकडनं लोखंडी चौकट, वर पत्रा आणि त्यावर पितळी रंगाची अक्षरं असा सहा फुटांचा बोर्ड करून घेतला. वरच्या गॅलरीचं रेलिंग दवाखान्याच्या गल्लीकडे तोंड करून आहे. तिथं लावला की दवाखान्याच्या फाटकातनं दिसेल, असं माझं डोकं.

शब्बीरभाई वर जाऊन रेलिंग हलवून आले.

"वहिनी, हे तीस वर्षांचं लोखंड आहे. खाली गंज धरलाय. भिंतीला लावू. दोन बोल्ट जास्त मारतो."

"भिंतीला लावला तर दिसणार कुणाला?"

"ज्याला खोली पाहिजे त्याला दिसतोय की. आजवर बोर्ड नव्हता, तरी खोल्या रिकाम्या कुठं होत्या?"

"तुम्ही वेल्डिंग करा, शब्बीरभाई."

त्यांनी केलं. उतरताना एवढंच म्हणाले, "वर्षाभरात रेलिंग बदला मग." मी हो म्हटलं. सासूबाई खालून बघत होत्या. बोर्ड वर गेल्यावर म्हणाल्या, "झकास दिसतोय गं." आणि थोड्या वेळानं, "जड नाही ना?"

"नाही, आई."

पाचव्या महिन्यात, एका रणरणत्या दुपारी, वर तीन नंबरच्या खोलीतल्या गंगव्वानं नवऱ्याची वाकळ धुवून रेलिंगवर टाकली. त्यांचं गाव अथणीकडचं. नवरा, बसाप्पा, त्याच्या हृदयाचं ऑपरेशन दोन दिवसांपूर्वी झालं होतं. तो अजून अतिदक्षता विभागात होता. गंगव्वा सकाळ-संध्याकाळ काचेतनं त्याला बघून यायची आणि मधला वेळ काही ना काही धूत बसायची. ओली वाकळ म्हणजे निम्म्या माणसाचं वजन. ती पसरायला म्हणून गंगव्वा पुढं वाकली.

मी तन्मयीला झोपवत होते. आवाज लोखंडाचा आला, बाईचा नाही. धावत मागं गेले तर रेलिंगचा तुकडा आणि बोर्ड धुण्याच्या दगडापाशी वाकडे होऊन पडले होते, आणि त्यांच्या पलीकडे गंगव्वा एका कुशीवर, वाकळ अर्धी अंगाखाली.  सासूबाई माझ्या आधी पोचल्या होत्या. तिचं डोकं मांडीवर घेऊन त्या एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "हेदरबेडा, हेदरबेडा." भिऊ नको.

मी उभी होते. 'सोबत' या शब्दातला 'त' निखळून माझ्या पायाशी आला होता.

दवाखाना गल्लीच्या तोंडाशी, त्यामुळे दहा मिनिटांत तिला स्ट्रेचरवर नेलं. खुब्याचं हाड मोडलं होतं. डॉक्टर तरुण होते, सरळ बोलत होते. "आजचा दिवस तयारी करू, उद्या सकाळी ऑपरेशन. जितका उशीर तितकं वाईट. या वयात अंथरुणाला खिळलेलं माणूस खुब्यानं जात नाही, छातीनं जातं. हिचं कोण आहे?"

कोणी नव्हतं. नवरा वरच्या मजल्यावर नळ्यांत. त्याला सांगायचं नाही असं तिथल्या डॉक्टरांनी बजावलेलं. मुलगा, मल्लाप्पा, फौजेत, अरुणाचलात कुठल्याशा चौकीवर. त्याचा फोन लागेना. गावाकडे दीर होता, तो म्हणाला, परवा येतो.

तेवढ्यात महांतेश आला. घामाघूम. आधी गंगव्वाला बघून आला, मग आम्हाला कॉरिडॉरच्या टोकाला घेऊन गेला. फोनवर उपाध्ये होते, त्यांचा आवाज आम्हाला ऐकू यावा म्हणून त्यानं स्पीकर लावला.

"काकू, नीट ऐका," उपाध्ये म्हणाले. "पडल्याची केस आहे, पोलिस येणार. जबाब घेणार. तुम्ही फक्त एवढंच म्हणायचं की बोर्ड कंपनीनं लावला. कंपनीनं. मी, आम्ही, सून, हे शब्द काढायचेच नाहीत. संचालकाचा स्वतःचा निष्काळजीपणा दिसला की कंपनीचं कवच काही कामाचं राहत नाही. मग घर आलंच त्यात. आणि दवाखान्यात कसल्याही कागदावर सही करू नका. त्या बाईचं टेबलावर काही बरंवाईट झालं तर..."

"उपाध्ये," सासूबाई म्हणाल्या, "तुम्ही चांगले आहात. ठेवा आता."

महांतेश म्हणाला, "आई, ते बरोबर सांगतायत. आपण तिला टाकत नाही आहोत. कंपनी सगळं करेल. तिचा इलाज, औषधं मी आणतो दुकानातनं. पण सही दिराला करू दे, परवा."

"परवा."

"एका दिवसानं काय होतंय?"

"डॉक्टर काय म्हणाले ते तू ऐकलं नाहीस. मी ऐकलंय." त्यांनी पदरानं त्याच्या कपाळावरचा घाम टिपला, तो लहान असल्यासारखा. "तू भिऊ नको. तू घराला भितोयस, मला माहीत आहे. तुझ्या बापानं बांधलंय ते. मीही भिते."

मग त्या काउंटरकडे चालायला लागल्या. मी मागोमाग.

काउंटरवरच्या माणसानं फॉर्म पुढे सरकवला. खाली छापलं होतं: जबाबदार व्यक्तीचे नाव, सही, रुग्णाशी नाते. गंगव्वानं आपल्या अंगठ्याचा ठसा आधीच दिला होता; पण दवाखान्याला सोबतचं माणूस लागतं, तसा त्यांचा नियम.

"तुम्ही कोण, मावशी? बहीण?"

"नाही."

"मग नातं काय लिहू?"

"जिच्या घरात पडली, ती."

त्यानं पेन थांबवलं. "असं नातं नसतंय फॉर्मात."

"मग तुमचा फॉर्म लहान आहे. खाली जागा आहे बघा, 'इतर' म्हणून. तिथं लिहा घरमालकीण."

"मावशी, जबाबदार व्यक्ती म्हणजे जबाबदारी येते हां. उद्या काही कमी-जास्त झालं..."

"तेवढंच समजलंय मला यातलं," त्या म्हणाल्या, आणि पाटीवर गिरवावं तशी सही केली. प्रमिला शिवलिंग शेटे. महांतेश दहा पावलांवर उभा होता. त्यानं तोंड फिरवलं. रागानं की कशानं, ते तेव्हा मला कळलं नाही.

हवालदार आले तेव्हा पाच वाजून गेले होते. पोट सुटलेले, दमलेले, हातात वही. बाकावर सासूबाईंच्या शेजारीच बसले. त्यांनाही घरी जायचं होतं.

"बोर्ड पडला म्हणे."

"बोर्डानं रेलिंग पडलं. रेलिंगबरोबर ती पडली."

"बोर्ड कुणी लावला?"

 मी तोंड उघडलं होतं, हे मला पक्कं आठवतं. पण काय बोलणार होते हे नाही आठवत. कदाचित 'कंपनीनं' असंच म्हणणार होते. महांतेश माझ्याकडे बघत होता, 'नाही' अशी मान हलवत.

"मी," सासूबाई म्हणाल्या.

"तुम्ही?"

"मी लावायला सांगितला. वेल्डिंगवाल्यानं नको म्हणून सांगितलं होतं, त्याचा दोष नाही. मीच हट्ट केला."

"आई," महांतेश म्हणाला. "कंपनीनं लावला. हवालदारसाहेब, ती कंपनी आहे, प्रायव्हेट लिमिटेड..."

"गप रे. कंपनीला हात आहेत होय, वेल्डरला बोलवायला?" त्या हवालदारांकडे वळल्या. "कंपनी आहे, तिची मी संचालक आहे. तेही लिहा. पण बोर्ड मी लावला. लिहिलंत? वाचून दाखवा."

हवालदारांनी वाचून दाखवलं. 'स्वतः सांगितले' हे शब्द आल्यावर त्या मानेनं हो म्हणाल्या. मी भिंतीला टेकले होते. शब्बीरभाईंनी मला सांगितलं होतं. त्यांना नव्हे. त्या फक्त खालून बघत होत्या आणि 'जड नाही ना' म्हणाल्या होत्या. मग वेल्डिंगवाला काय म्हणाला हे त्यांना कसं माहीत? खाली उभं राहून सगळं ऐकलं असणार. ऐकलं, आणि मला ओळीनं पाच महिने एका शब्दानं बोलल्या नाहीत.

घरी परतताना मी रस्त्यातच थांबले.

"आई, असं का सांगितलंत? मी..."

"चाल, तन्मयी शेजारी आहे."

"मी सांगायला हवं होतं."

"सांगितलं असतंस?"

मी चालायला लागले.

"हे बघ, संचालक दोन आहेत. एकीला धरून नेलं तर दुसरीनं घर बघायला नको? मला त्या कोठडीत काय, चार भिंती बघायच्या. तुझ्या मागं पोर आहे." मग चार पावलं गेल्यावर, "आणि मीही 'झकास' म्हणाले होते की. जड आहे हे मलाही दिसत होतं. पण तू पहिल्यांदाच काहीतरी आपलं म्हणून करत होतीस. मोडवेना मला."

त्या एवढंच बोलल्या. पुन्हा कधीही नाही.

ऑपरेशन नीट झालं. तिसऱ्या दिवशी मल्लाप्पाचा फोन लागला. सासूबाईंनी त्याला कानडीत सगळं सांगितलं, काही न लपवता; बोर्डाचंसुद्धा, 'मी लावला' असं.  मग तो जे बोलला ते ऐकून त्या रडल्या. ऑपरेशनच्या दिवशीसुद्धा ज्या रडल्या नव्हत्या, त्या रडल्या. काय म्हणाला विचारलं तर म्हणाल्या, "म्हणतोय, अक्का, मला रजा मिळेतोवर आईला तुझ्याकडं ठेव."

डिस्चार्जच्या दिवशी उपाध्ये घरी आले. सांगून बघितलं. "काकू, तिला घरात आणणं म्हणजे चूक कबूल केल्यासारखं होतं. खोलीत ठेवा फार तर."

"वरच्या खोलीत जिना चढून जाईल ती?"

"खालच्या."

"खालच्या खोलीत संडास उकिडवा आहे, उपाध्ये. खुबा मोडलेल्या बाईला उकिडवं बसवता? तुमच्या कायद्यात आहे का ते?"

उपाध्यांनी चहा संपवून कप खाली ठेवला. मग म्हणाले, "मी तुमच्याकडनं फी घेणार नाही या कामाची. आणि माझा सल्ला तुम्ही ऐकला नाही हे लिहून द्या, म्हणजे मला झोप लागेल." सासूबाईंनी लिहून दिलं. अजून ते पत्र उपाध्यांच्या ऑफिसात आहे. जाते तेव्हा काढून दाखवतात आणि हसतात.

गंगव्वाला बैठकीच्या खोलीत पलंगावर ठेवलं. महांतेश चार दिवस आईशी बोलला नाही. पाचव्या दिवशी दुकानातनं येताना डोक्यावर खुर्चीचा कमोड घेऊन आला, बैठकीत ठेवला, पाय हलतात का बघितलं, खाली रबर बसवलं, आणि कुणाशी न बोलता आत गेला. आईनं त्या दिवशी त्याच्या ताटात दोन भाकऱ्या जास्त वाढल्या. तेवढ्यावर त्यांचं भांडण मिटलं.

दोन आठवड्यांनी बसाप्पालाही आणलं. तो छातीला उशी धरून, बारीक पावलं टाकत आला आणि पलंगाच्या कडेला बसला.  गंगव्वानं हात पुढं करून त्याचा सदरा नीट केला आणि सासूबाईंना कानडीत काहीतरी म्हणाली. सासूबाई हसायला लागल्या. "म्हणतेय, याला आणलं होतं मी, आता आम्हा दोघांना घेऊन जायला तिसरं माणूस लागणार."

त्या दिवसांत सासूबाई पहाटे उठून तिला पुसून घ्यायच्या, कूस बदलायच्या, तेल चोळायच्या. चिडायच्याही. "कण्हू नको, माझी सून घाबरते," असं तिला दटावायच्या, आणि गंगव्वा माझ्याकडे बघून दात दाखवायची. मला तिच्याकडे नीट बघवत नसे. तिला भरवायचं, बेडपॅन द्यायचं, सगळं मी केलं. पण डोळ्याला डोळा देऊन नाही. ती मला 'मगा' म्हणायची. लेकरू.

दावा वगैरे कधी झाला नाही. हवालदारांचा कागद पुढं कुठं गेला ते आम्हाला कळलं नाही. दोनदा बोलावलं, दोन्ही वेळा सासूबाई गेल्या, दोन्ही वेळा तेच सांगून आल्या. दवाखान्याचं जे काही होतं ते घरातल्या घरात मिटलं. ते मी इथं लिहीत नाही. त्यांना आवडणार नाही.

मला लिहायचंय ते सातव्या आठवड्यातल्या एका सकाळचं. तन्मयीचा धाकटा भाऊ झोपलाय, तोवर ते लिहून होईल.

त्या दिवशी गंगव्वा पहिल्यांदा वॉकर धरून उभी राहणार होती. पलंगापासून दारापर्यंत नऊ-दहा पावलं. एका बाजूला सासूबाई, एका बाजूला बसाप्पा, तो स्वतःच डुलतोय. महांतेश बाहेर सोप्यात फोनवर होता, विम्याच्या माणसाशी. त्याचा आवाज आत येत होता. "नाही नाही, चूक कंपनीची आहे. आमची कुणाची वैयक्तिक नाही. कंपनीची चूक, असं धरा." तन्मयी दारात उभी होती. तिला पावलं मोजायचं काम दिलं होतं.

गंगव्वानं पहिलं पाऊल टाकलं. वॉकर करकरला. तिच्या कपाळावर शीर तट्ट फुगली.

"एक," तन्मयी ओरडली.

"अगं हळू," सासूबाई म्हणाल्या, "आकडा ऐकूनच पडेल ती."

दोन. तीन. चौथ्याला ती थांबली. ओठ दाबून उभी राहिली. सासूबाईंनी तिच्या पाठीवर नुसता हात ठेवला, ढकलला नाही. मी समोर खुर्ची घेऊन उभी होते, लागलीच तर म्हणून. पाच. सहाव्याला तिच्या डोळ्यांतनं पाणी आलं आणि तसंच हनुवटीवरनं गळलं. हात वॉकरवर, पुसणार कसं? सासूबाईंनी पदरानं पुसलं आणि मग त्याच पदरानं स्वतःचेही पुसले.

"नऊ!" तन्मयी म्हणाली, आणि टाळ्या वाजवल्या. गंगव्वा खुर्चीत बसली. माझे दोन्ही हात तिनं आपल्या हातांत घेतले, खरखरीत, गरम. आणि मी पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघितलं. ती हसत होती. बाहेर महांतेश पुन्हा म्हणाला, "हो, हो, कंपनीचीच चूक."

तन्मयी येऊन माझ्या मांडीला टेकली. गंगव्वाच्या पायाकडे बघितलं, मग सोप्याकडे, मग माझ्याकडे.

"आई, चूक कंपनीची आहे ना?"

"हं."

"मग कंपनीनं गंगव्वाआजीला सॉरी म्हटलं का?"